गाठ दाखवणारा आणि गाठ नष्ट करणारा एकच नॅनोकण : प्रत्यक्षात कुठवर आलो आहोत?

पांडवकडा (खारघर)

कर्करोगाची गाठ स्कॅनवर दाखवणारा आणि तिच्यावर उपचारही करणारा एकच नॅनोकण, ही कल्पना आता विज्ञान पुरवण्यांतून निघून सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंत पोहोचली आहे. टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र खारघरमध्येच असल्यामुळे उपचारासाठी राज्यभरातून आलेली कुटुंबे आमच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात. असा एखादा संदेश हाती आला की ती मोठ्या आशेने विचारतात, ‘हे येथे मिळते का?’ रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या विषयावरचे मूळ संशोधन मी सवडीने वाचत असतो, म्हणून जे समजले ते सविस्तर मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. शिरेवाटे देण्याचे बहुतेक कण १० ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यानचे असतात, आणि ही मर्यादा शरीरानेच घालून दिलेली आहे. साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातो, फार मोठा कण प्लीहेत अडकतो, आणि मधल्या आकाराच्या कणांतलेही बहुसंख्य यकृतातल्या कुप्फर पेशी गिळून टाकतात. शिवाय कण रक्तात शिरताच त्याच्यावर प्रथिनांचा थर चढतो आणि पुढे शरीराचा संबंध येतो तो आपण घडवलेल्या पृष्ठभागाशी नव्हे, तर या थराशी. काचेच्या बशीतल्या पेशींवर अचूक नेम धरणारा कण रक्तात भरकटतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

नॅनोऔषधे मुळातच उद्याची गोष्ट नव्हेत. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे जुने औषध सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदकुपीत भरून केलेले डॉक्सिल अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले, आणि पॅक्लिटॅक्सेल हे केमोचेच दुसरे औषध अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला जोडून केलेले अ‍ॅब्राक्सेन २००५ मध्ये. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या वेळी ज्या लायपोसोमल (म्हणजे मेदकुपीत भरलेल्या) अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीनाशकासाठी रुग्णांचे नातेवाईक दुकानामागून दुकाने पालथी घालत होते, तेही याच जातीचे. मात्र अशा मेदकुपीचा खात्रीचा लाभ बहुतेक वेळा निरोगी अवयवांना मिळाला आहे : डॉक्सिलमुळे हृदयाची हानी कमी झाली, लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनमुळे मूत्रपिंडाची. गाठीवर दुप्पट-तिप्पट जोराने मारा झाला, असे सरसकट दिसलेले नाही.

तसे का झाले नाही, हे समजून घेण्यासाठी १९८६ पर्यंत मागे जावे लागते. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले, की गाठीत घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला लसिकेचा (पेशींभोवतीच्या द्रवाचा) निचराही नीट होत नाही, त्यामुळे मोठे रेणू गाठीत झिरपतात आणि तिथेच अडकून राहतात. पुढची तीस वर्षे बहुतेक नॅनोऔषधे याच तत्त्वाच्या भरवशावर बेतली गेली. २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा भाग मध्यकाने केवळ ०.७ टक्के निघाला. याच गटाने २०२० मध्ये दाखवले, की बहुसंख्य कण वाहिन्यांच्या फटींतून झिरपत नाहीत, तर वाहिन्यांच्या पेशी त्यांना आत घेऊन पलीकडे सोडतात. उंदराची गाठ काही आठवड्यांत वाढते आणि त्याच्या शरीराच्या मानाने प्रचंड असते, माणसाची गाठ अनेक वर्षांत वाढते. त्यामुळे उंदरातले आकडे माणसाला लावताना फार सावध राहावे लागते.

आता मूळ मुद्दा. पाहणे आणि मारणे या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. स्कॅन स्वच्छ दिसावा यासाठी गाठीबाहेरचा कण रक्तातून लवकर निघून जायला हवा, उपचारासाठी मात्र तो रक्तात दीर्घकाळ फिरत राहायला हवा. पेट स्कॅनला किरणोत्सारी द्रव्य नॅनोग्रॅमच्या पातळीवर पुरते, एमआरआयला त्याहून कितीतरी पटींनी जास्त धातू लागतो, आणि केमोची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजली जाते. पत्ता शोधायला एक माणूस पुरतो, घर बांधायला गवंड्यांची टोळी लागते. एकाच कणावर दोन्ही कामे लादली की बहुधा दोन्ही अर्धवट होतात.

तरीही ही कल्पना मला मोलाची वाटते, ती वेगळ्या कारणासाठी. कण दिसतो, म्हणून तो कोणाच्या गाठीत जातो आणि कोणाच्या गाठीत जात नाही, हे उपचारापूर्वीच कळू शकते. एमएम-३०२ नावाच्या, काही कर्करोगपेशींवर असणाऱ्या हर-२ या खुणेवर नेम धरणाऱ्या लायपोसोमवर तांबे-६४ हा किरणोत्सारी अणू बसवून स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १९ स्त्रियांचे पेट स्कॅन करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गाठीगाठींतल्या साठ्यामध्ये तब्बल ३५ पटींचा फरक आढळला, आणि ज्यांच्या गाठींत साठा अधिक होता त्यांची वाटचाल तुलनेने बरी होती. याच औषधाची मोठी चाचणी २०१६ मध्ये लाभ दिसत नसल्यामुळे थांबवण्यात आली होती. त्या चाचणीत रुग्णांची निवड गाठीवर हर-२ आहे की नाही हे पाहून केली होती, कण गाठीत पोहोचतो की नाही हे पाहून नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या क्षेत्रातला ‘दाखवणारा’ भाग रुग्ण निवडण्यासाठी आधी वापरला पाहिजे. एकाच सुईत निदान आणि उपचार बसवण्याची घाई त्यानंतर करता येईल.

येऊर (ठाणे)

पांडवकडा सर, इतके नेमके लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या आईची केमो सध्या ठाण्यात सुरू आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ वाचनाचा राहिलेला नाही. दोन शंका आहेत. आमच्या इमारतीतल्या एका काकांना ‘ल्युटेशियम’ची इंजेक्शने दिली गेली, आणि त्याआधी त्यांच्या स्कॅनमध्ये नेमक्या त्याच गाठी उजळून दिसल्या होत्या. हे नॅनोकणच म्हणायचे का? दुसरे असे, की एका परिचितांनी रोज पिण्याचे ‘नॅनो सोन्याचे’ थेंब सुचवले आहेत आणि त्याने केमोचा परिणाम वाढतो असे ते सांगतात. आईला ते द्यावेत का?

मासुंदा (ठाणे)

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो.

ल्युटेशियम-१७७ चे उपचार हे नॅनोकण नाहीत, ते रेणू आहेत. मज्जासंप्रेरक (न्यूरोएंडोक्राइन) गाठींसाठी डोटाटेट आणि प्रोस्टेटसाठी पीएसएमए-६१७ हे लहान रेणू पेशीवरच्या विशिष्ट ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतात. त्याच जातीच्या रेणूवर आधी गॅलियम-६८ बसवतात, ज्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, ६८ मिनिटे आहे, आणि पेट स्कॅन करतात. गाठी पुरेशा उजळल्या तरच सुमारे ६.६५ दिवस अर्धायुष्याचे ल्युटेशियम-१७७ बसवून उपचाराची मात्रा देतात. वर ज्या विरोधाचा उल्लेख झाला तो येथे अशा रीतीने सुटतो, की वाहक जवळपास सारखाच राहतो, मात्र पाहण्याचा अणू वेगळा आणि मारण्याचा अणू वेगळा, आणि दोन्हींमध्ये वेळेचे अंतर असते. गाठी उजळल्याच नाहीत तर आम्ही ल्युटेशियम देत नाही. पांडवकडा सर रुग्णनिवडीविषयी जे म्हणतात, ते आमच्या विभागात रोजचे काम आहे.

या विचाराचे मूळ फार जुने आहे. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन उपचार म्हणून दिले. आपल्याकडे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, ल्युटेशियम-१७७ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे पुरवणाऱ्या ब्रिट या संस्थेचे संकुल वाशीत आहे. येऊर ताई, तुमच्या शेजारच्या काकांना मिळालेले औषध वाशीहूनच आलेले असण्याची चांगली शक्यता आहे.

परिणामांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रोस्टेटच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवरील व्हिजन चाचणीत ल्युटेशियम-पीएसएमए दिलेल्यांचे मध्यक आयुष्यमान १५.३ महिने होते आणि केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांचे ११.३ महिने. चार महिने कोणत्याही कुटुंबाला थोडे वाटत नाहीत, पण ‘गाठ तिथल्या तिथे नष्ट’ या भाषेत ते बसत नाहीत.

पांडवकडा (खारघर)

मासुंदा यांनी लिहिलेले सर्वांनी सावकाश वाचावे ही विनंती, कारण ‘पाहा आणि उपचार करा’ या तत्त्वाचा आज प्रत्यक्ष हाती येणारा भाग हाच आहे.

येऊर ताई, ते थेंब आईंना देऊ नयेत, आणि आधीपासून देत असाल तर त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना ताबडतोब सांगावे. सोन्याचे कण स्वतः कर्करोग मारत नाहीत. अमेरिकेत राइस विद्यापीठाच्या नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या कामातून निघालेल्या उपचारात सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच असलेले, सुमारे १५० नॅनोमीटरचे कण आदल्या दिवशी शिरेतून दिले जातात, आणि दुसऱ्या दिवशी प्रोस्टेटमध्ये प्रकाश वाहणारे बारीक तंतू नेऊन त्यांतून डोळ्यांना न दिसणारा, नजीक-अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) लेझरचा प्रकाश सोडला जातो. कण तो प्रकाश शोषून तापतात आणि आजूबाजूच्या पेशी मरतात. याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले पहिले निष्कर्ष १६ पुरुषांवरचे होते, सर्वांचा रोग प्रोस्टेटपुरताच मर्यादित होता, आणि गाठीची जागा कणांनी नव्हे तर एमआरआय आणि सोनोग्राफीच्या जुळणीने ठरवली होती. हा प्रकाश शरीरात फार तर एखाद-दोन सेंटीमीटर उपयोगी ठरतो. तोंडावाटे घेतलेल्या थेंबांत तो विशिष्ट आकाराचा कण नाही, शिरेतून दिलेली मात्रा नाही आणि लेझरही नाही.

कोपरी (ठाणे पूर्व)

सुवर्णभस्मातही नॅनो आकाराचे सोन्याचे कण असतात असे वाचले आहे. मग ते आणि हे यांत फरक काय?

महापे (नवी मुंबई)

कोपरी, भस्मात त्या आकाराचे कण आढळल्याच्या नोंदी आहेत. परंतु आकार ही एका नॅनोऔषधाची अनेक लक्षणांपैकी एकच बाब आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो आणि इंजेक्शनांच्या तपासण्या रोज पाहतो. साध्या औषधात रेणू शुद्ध आहे आणि मात्रा बरोबर आहे हे पाहून बरेचसे भागते. लायपोसोममध्ये मात्र कणांचा सरासरी आकार, त्या आकाराचा पसारा, पृष्ठभागावरचा भार, औषधाचा किती अंश कुपीच्या आत आहे आणि किती बाहेर मोकळा आहे, ते किती वेगाने गळते, साठवणीत कण एकमेकांना चिकटतात का, जिवाणूंची विषद्रव्ये शिरली आहेत का, हे सारे प्रत्येक बॅचला सिद्ध करावे लागते. भारत सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांमागे हेच कारण आहे : रेणू तोच असला तरी नॅनो रूपात तो शरीरात वेगळा वागतो.

आता याच कणावर एमआरआयसाठी गॅडोलिनियम हा धातू, नेम धरण्यासाठी प्रतिपिंड आणि आत केमोचे औषध असे तीन घटक बसवा. प्रत्येक घटकाची स्वतंत्र कसोटी, शिवाय एकत्र आल्यावरची कसोटी. प्रयोगशाळेत चमच्याभर द्रावणात जे साधते ते शंभर लिटरच्या टाकीत त्याच रीतीने साधेलच असे नाही. शोधनिबंध हजारोंनी आणि बाजारात आलेली औषधे मोजकी, याचे कारण जीवशास्त्राइतकेच कारखान्यातही आहे, आणि याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : पहिल्या सलाइनच्या वेळी काहींना चेहरा लाल होणे, छाती आवळणे, धाप लागणे असा त्रास होतो. डॉक्सिलबाबत हे चांगले ठाऊक आहे, म्हणूनच पहिली मात्रा हळू सोडतात. असे काही वाटले तर संकोच न करता लगेच नर्सला सांगावे.

बेलापूर (नवी मुंबई)

रेडिओथेरपीच्या भौतिकशास्त्राशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. माझ्या मते दोन्ही कामे एकाच कणाने करण्याचा सर्वांत आश्वासक प्रयत्न येथेच झाला आहे.

अणुक्रमांक मोठा असलेला धातू क्ष-किरण अधिक शोषतो आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन अगदी जवळपासच्या भागावर आघात करतात. २००४ मध्ये हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांना १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण देऊन मग क्ष-किरण दिले, तेव्हा वर्षभर जगलेल्या उंदरांचे प्रमाण ८६ टक्के होते. केवळ क्ष-किरण दिलेल्यांत ते २० टक्के होते. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, पण ते किरण २५० किलोव्होल्टचे होते. रुग्णालयातल्या लिनॅक या किरण देणाऱ्या यंत्रात आपण बहुधा ६ मेगाव्होल्टचे किरण वापरतो आणि त्या ऊर्जेला धातूचा हा लाभ बराच घटतो. त्यामुळे तेच प्रमाण माणसात मिळेल असे कोणी गृहीत धरू नये.

हाफनियम ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण थेट गाठीत टोचून मग किरण देण्याच्या पद्धतीला २०१९ मध्ये युरोपात मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तिच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ जवळजवळ पूर्णपणे मृत आढळण्याचे प्रमाण केवळ किरण घेतलेल्यांत ८ टक्के आणि कणांसह किरण घेतलेल्यांत १६ टक्के होते. हे कण सीटीवर दिसतात, म्हणून टोचलेले द्रव्य गाठीतच राहिले की नाही हे पडताळता येते.

मला सर्वाधिक आशा वाटते ती फ्रान्समधल्या एग्विक्स या कणाविषयी. लियॉनच्या ऑलिव्हिए टिलमाँ यांच्या गटात तो घडला आणि ग्रेनोबलमध्ये मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या १५ रुग्णांवर त्याची पहिली चाचणी झाली. पॉलिसिलोक्सेन आणि गॅडोलिनियमचा हा कण चार-पाच नॅनोमीटरचा आहे. त्यामुळे तो शिरेतून देता येतो, आणि काम झाल्यावर मूत्रपिंडावाटे निघून जातो. एमआरआयवर गॅडोलिनियम दिसते आणि तेच गॅडोलिनियम किरणांचा परिणाम वाढवते. म्हणजे येथे पाहण्यासाठी एक आणि मारण्यासाठी दुसरा असे दोन घटक जोडलेले नाहीत. एकाच धातूचे दोन गुण वापरले आहेत आणि मात्राही एकच आहे. ज्या गाठींत साठा जास्त दिसला त्या उपचाराला अधिक प्रतिसाद देताना आढळल्या. १५ रुग्णांवरून निवाडा करता येत नाही हे खरेच, परंतु पांडवकडा सरांनी मांडलेला विरोध मिटवण्याची दिशा मला याच रचनेत दिसते.

पांडवकडा (खारघर)

बेलापूर यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. एकाच द्रव्याचे दोन गुण वापरणे आणि दोन द्रव्ये एका कणात कोंबणे यांतला भेद मी वर अधिक ठळकपणे लिहायला हवा, असे त्यांचा प्रतिसाद वाचून वाटले.

याच भेदाची दुसरी बाजू लोहऑक्साइडच्या कणांत दिसते. हे कण एमआरआयवर काळे दिसतात आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापतात, त्यामुळे कागदावर ते आदर्श ठरतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा कणांनी ऊतक तापवण्यावर प्रयोगशाळेत काम झाले आहे. जर्मनीत मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगासाठी हे प्रत्यक्षात उतरले आणि २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. परंतु पुरेशी उष्णता निर्माण व्हायची तर गाठीत थेट टोचून इतके लोह साठवावे लागते, की नंतर त्या भागाचा एमआरआय वाचताच येत नाही. कणांची जागा सीटीवर पाहावी लागते, आणि मेंदूच्या रुग्णाचा पाठपुरावा मुख्यतः एमआरआयवरच चालतो. शिवाय क्षेत्राच्या जवळ धातू चालत नाही, म्हणून दातांतले धातूचे भरावही काढावे लागत. थोड्या मात्रेत जो कण उत्तम दिसतो, तोच उपचाराच्या मात्रेत दृष्टी झाकून टाकतो.

येऊर (ठाणे)

आईच्या डॉक्टरांशी थेंबांविषयी बोलले. ते आम्ही देणार नाही. आता एकच विचारते : उद्या कोणी ‘नॅनो उपचाराची चाचणी सुरू आहे, नाव घाला’ असे सांगितले, तर कुटुंबाने काय विचारावे?

मासुंदा (ठाणे)

येऊर ताई, सर्वांत आधी सीटीआरआय, म्हणजे भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीतला क्रमांक मागावा. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. क्रमांक मिळत नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. मिळाला तर चाचणी कोणत्या टप्प्याची आहे ते पाहावे, कारण पहिल्या टप्प्याचा उद्देश सुरक्षित मात्रा ठरवणे हा असतो, आणि तुमच्या आईंना लाभ होईल असे त्यात कोणी आश्वासन देऊ शकत नाही. औषध शिरेतून देणार की गाठीत टोचणार, ते शरीराबाहेर कोणत्या वाटेने आणि किती काळाने जाते, मूत्रपिंड व यकृताच्या कोणत्या तपासण्या होणार, हे विचारावे. कण गाठीत पोहोचतो का हे पाहणारा स्कॅन आधी होणार आहे का, आणि पोहोचत नाही असे दिसले तर पुढे काय करणार, हा प्रश्न मी स्वतः आवर्जून विचारला असता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनासाठी लागणाऱ्या गोष्टींचे पैसे सहभागी व्यक्तीकडून घ्यायचे नसतात, म्हणून ‘चाचणी’ म्हणून कोणी लाखांचे पॅकेज सांगत असेल तर सही करू नये. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे. मध्येच बाहेर पडण्याचा अधिकार आईंना राहतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवले जाऊ शकत नाहीत, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट : रक्तक्षयासाठी कधी फेरुमॉक्सिटॉल हे शिरेतून द्यायचे लोह दिले गेले असेल, तर एमआरआयच्या आधी तिथल्या तंत्रज्ञाला ती तारीख अवश्य सांगावी, कारण तेही लोहऑक्साइडचे नॅनोकणच आहेत आणि तीन महिन्यांपर्यंत ते प्रतिमेत बदल घडवू शकतात.